दोन कॅमेरे, एक हनुवटी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. ही वही माझी. दुसऱ्या कुणी उघडली तर बोटं मोडीन. सुनेला हे तोंडावर सांगायची गरज नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

मुद्दा असा. माझी नात चिमणी, वय एकोणीस, बॉक्सिंग करते. नावाची चिमणी, पण परवाच एकीचा ओठ दोन ठिकाणी फाडून आली. १६ तारखेला, रविवारी, तिची निवडीची लढत आहे. तीन राउंड, तीन-तीन मिनिटांचे. जिंकली तर संघात जागा, होस्टेल, रोजचा सराव. हरली तर तिची आई, म्हणजे माझी सून, तिला १ तारखेपासून दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसवणार. सून तिथे असिस्टंट आहे. दोघींमध्ये तसं ठरलंय. ठरल्यावर हात मिळवले, तेव्हा चिमणीने आईची बोटं अशी आवळली की सून किंचाळली. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याला कुणी विचारत नाही.

ती नऊ मिनिटं फोटोत पकडायची. हे काम माझं. मी एकोणतीस वर्षं फोटो स्टुडिओत काढली आहेत. शाळा सातवीपर्यंत, पण चेहऱ्यांचं शिक्षण पूर्ण. मालक नुसतं बटण दाबायचे. खरं काम मी करायचो. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, दोन बोटांनी हनुवटी उचलायची आणि म्हणायचं, इकडे बघा, हनुवटी वर. शेवटच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने तीनदा हनुवटी खाली घेतली, म्हणून चौथ्यांदा मी ती जरा जोरात वर केली. दात पडला. तो आधीपासूनच हलत होता. त्यानंतर मी स्वतःहून निवृत्ती घेतली.

दुपारी कॅमेऱ्याच्या दुकानात जाणार. शांतपणे बोलणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

दुकानदार ओळखीचा निघाला. त्याचा शाळेचा फोटो आमच्याच स्टुडिओत निघाला होता. अजून आठवतंय त्याला. माझ्याशी बोलताना सारखा जबड्याला हात लावत होता.

म्हणाला, काका, मोठा कॅमेरा तुम्हाला झेपायचा नाही, खिशात मावणारा घ्या. मोठाच उचलून त्याच्या टाळक्यात घातला असता. पण खिशात मावणारा बरा, हे मी आधीच ठरवलं होतं. त्याने दोन दिले. २० तारखेपर्यंत वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा म्हणाला. मी जरा मोठ्याने बोलल्यामुळे दिले असतील.

एक काळा. त्याचं झूम लांब. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या कानातले केस मोजता येतात. उजेड कमी झाला की मात्र आंधळा.

दुसरा चंदेरी. झूम आखूड, पण भिंग मोठं, त्यामुळे अंधुक खोलीत आणि अगदी जवळच्या वस्तूला चांगला. व्हिडिओही काढतो. फ्लॅश आपोआप टपकन वर येतो, बेडकाच्या डोळ्यासारखा.

नावं ठेवली. काळ्या आणि चंदू. कुठल्या कामाला कोण, हे प्रत्येकाची परीक्षा घेऊन ठरवणार. शास्त्रशुद्ध. मार्क देणार.

४ मार्च, मंगळवार. दुपारी १२

परीक्षा पहिली: जवळची फोटोग्राफी. गॅलरीच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. चंदूला पोळ्यापासून चार बोटांवर धरलं. टपकन फ्लॅश वर आला.

एक भुवईवर, दोन मानेवर, एक अशा जागी की लिहिता येत नाही. मी चपलेने पोळं ठेचलं. एकही जिवंत सोडली नाही. दोन कुंड्या फुटल्या, त्या नको तिथे ठेवलेल्या होत्या.

फोटोत माझा अंगठा आला आहे. अंगठा मात्र सुरेख. रेष न् रेष दिसते. चंदू, जवळचं काम: दहापैकी आठ.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७

परीक्षा दुसरी: चेहऱ्याची फोटोग्राफी. सून दवाखान्यातून आली, तिला खिडकीपाशी बसवलं. ती म्हणाली, बाबा, आज नऊ जणांचे दात उपटले, मला दोन मिनिटं टेकू द्या. मी म्हटलं, टेक, पण हनुवटी वर. आणि सवयीने दोन बोटं लावली.

ती म्हणाली, बोट काढा, नाहीतर दहावा तुमचा. माझे सात शिल्लक आहेत. तिने ते मोजलेले आहेत. पिशवीतून पक्कड बाहेर काढून टेबलावर ठेवली. पक्कड घरी का आणते, हे विचारायचं राहून गेलं.

दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो घेतले. दोन्हींत ती हललेली. स्थिर बसत नाही. मार्क रद्द.

निश्चय: उद्यापासून कुणाच्या हनुवटीला हात लावायचा नाही.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.३०

परीक्षा तिसरी: लांबची फोटोग्राफी. समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक आडदांड गृहस्थ गॅलरीत गादी बडवत होते. काठीने. धूळ उडत होती, दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. खेळाच्या फोटोंची उत्तम तालीम. काळ्याचं झूम पूर्ण लांब केलं आणि धडाधड बटण दाबलं. अठ्ठावीस फोटो.

गादीशेजारी दोरीवर त्यांच्या बायकोचे कपडे वाळत होते, हे मला दिसलं नव्हतं. त्यांना मात्र मी दिसलो.

पाच जिने उतरून, रस्ता ओलांडून, आमचे तीन जिने चढून गृहस्थ आले. काठी घेऊनच. एवढ्या वेळात राग शांत व्हायला हवा होता. म्हणाले, काय ओ म्हातारबा, लाज सोडली का? मी शास्त्रशुद्ध परीक्षा समजावून सांगत होतो. तेवढ्यात मारामारी सुरू झाली. मी त्यांची मूठ नाकाने अडवली. दुसरी मूठ पोटाने. मग मी खाली बसलो, म्हणजे डाव टाकला. त्यांना ओणवं होऊन मारावं लागलं, त्यात त्यांची कंबर धरली. कण्हत गेले. लढत बरोबरीत सुटली असं म्हणायला हरकत नाही.

अठ्ठावीसही फोटो हललेले. काळ्या, लांबचं काम: दहापैकी पाच.

त्याच दिवशी, दुपारी ३

चिमणीने नाकात कापूस कोंबला आणि हसली. म्हणाली, आबा, गार्ड वर ठेवायचा असतो, नाक पुढे नाही करायचं. आणि ते समोरचे कोण ते नुसते दाखवा मला, जिन्यात गाठते. मी म्हटलं, नको, १६ तारीख होऊ दे. त्यांना १७ला मार.

शहाणी आहे. बरं म्हणाली.

९ मार्च, रविवार. सकाळी १०

परीक्षा चौथी: खेळाची फोटोग्राफी. चिमणीच्या क्लबात गेलो. जुन्या गोदामात क्लब आहे. छपराला लोंबणाऱ्या बॅगा, घामाचा आणि आयोडीनचा वास, कोपऱ्यात रक्त थुंकायची बादली. प्रसन्न वाटलं.

कोचबाईंचं नाक दोन ठिकाणी वळलेलं. हात मिळवला तेव्हा माझी अंगठी बोटात रुतली. म्हणाल्या, आजोबा, तुमची पोर पंचवीस किलोने मोठ्या मुलीलाही आडवी करील. हात आहेत, पाय आहेत, छाती आहे. एकच खोट. मधेच हनुवटी वर करते. डोळे पण भलतीकडे. एक क्षणच, पण त्या क्षणात समोरचीला ठोसा ठेवायला ताट वाढून दिल्यासारखं होतं. शंभरदा सांगितलं, हनुवटी खाली, छातीला चिकटव. कुठून ही खोड लागली, कळत नाही.

मीही विचार केला. आईकडून आली असणार. त्या घराण्यात सगळ्यांच्या माना ताठ.

उपाय म्हणून कोचबाई तिला हनुवटीखाली टेनिसचा बॉल धरायला लावतात आणि तसंच लढवतात. बॉल पडला की वीस जोर. आज तीनदा पडला. नेमका मी फोटो काढत असतानाच. त्यामुळे बॉल पडतानाचे तीन फोटो मिळाले, हा माझा अंदाज किती अचूक आहे बघा. तिसऱ्यांदा पडला तेव्हा समोरच्या मुलीने तिच्या कानशिलावर असा हाणला की चिमणी बादलीत बसली. कोचबाईंनी मला दाराबाहेर काढलं. म्हणाल्या, तुम्ही घरून दुवा द्या. बॉल निसरडा आहे हे सांगायला तोंड उघडलं, तेव्हा दार लागलेलं होतं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ८

भिंतीवरच्या फोटोंची धूळ पुसली. चिमणीचे वाढदिवसाचे एकोणीस फोटो, एका ओळीत. सगळे मी काढलेले. पहिल्यात सात किलो, शेवटच्यात साठ. बाकी काही बदललेलं नाही. प्रत्येकात डोळे थेट भिंगात, हनुवटी वर. हा माझा हात. तान्ही होती, भोकाड पसरून रडत होती, तेव्हा मी नुसतं म्हटलं, चिमणे, इकडे बघ, हनुवटी वर. रडं बंद. मान वर. तेव्हापासून एकदाही दुसऱ्यांदा सांगावं लागलेलं नाही. झोपेत सांगितलं तरी करील.

विसावी चौकट आणून ठेवली. रिंगणातला फोटो. जिंकल्याचा.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १

दोष सापडला. दोन्ही कॅमेरे थरथरतात.

सकाळी पाण्याच्या पेल्याचा फोटो घेतला. पेला हलत नव्हता, खाली बस जात नव्हती, तरी फोटो हललेला. काळ्याचाही, चंदूचाही. दुकानात जाऊन आदळले. दुकानदाराने काळ्याला काउंटरवर ठेवलं, टायमर लावला. फोटो काचेसारखा स्वच्छ. चंदूचाही तसाच. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, काका, एकदा डॉक्टरांना... मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. काउंटरवरची काच आधीच तडकलेली असणार, माझ्या मुठीने एवढी जाणार नाही.

कॅमेरे दुकानात नीट वागतात आणि घरी आले की थरथरतात. काही मुलंही अशी असतात.

निश्चय: रागावर ताबा. चहा कमी.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६

चिमणीची शेवटची सरावाची लढत. बाहेरून, खिडकीतून बघितली, काळ्याने. आज बॉल एकदाही पडला नाही. समोरची पोरगी दुसऱ्या राउंडला दोरांवर लोंबत होती, एका नाकपुडीतून रक्त, एका डोळ्याखाली चीर पडलेली. कोचबाईंनी चिमणीची पाठ थोपटली. मी काचेवर टकटक केली नाही, हाक मारली नाही, कारण खिडकीबाहेरच्या पिंपावर उभा होतो आणि पिंप डुगडुगत होतं.

परतताना ती म्हणाली, आबा, हात सैल सुटलेत आता. ती लांब हातांची समोर आली ना रविवारी, तर तिच्या आईला पण ओळखू येणार नाही अशी करून पाठवते. आणि पुढे म्हणाली, मला त्या रिसेप्शनच्या खुर्चीत मरायचं नाही हो. मी म्हटलं, मी आहे ना.

आज पहिला स्पष्ट फोटो मिळाला. रक्त थुंकायच्या बादलीचा.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४

उद्याचा बेत.

राउंड एक: चंदू, कारण हॉलमध्ये उजेड पिवळा आणि मेलेला. राउंड दोन: चंदूच, पण फ्लॅश बंद. बॉक्सिंगमध्ये फ्लॅश चालत नाही, लढणाऱ्याचे डोळे दिपतात. हे मला माहीत आहे, कुणी शिकवू नये. राउंड तीन: काळ्या, पूर्ण झूम, चिमणीचा चेहरा, घामाचे थेंब, डोळ्यांत आग. तो फोटो विसाव्या चौकटीत.

तोंडातून शब्द काढणार नाही. कोचबाईंनी सुनेकडे निरोप पाठवलाय की आजोबांना गप्प बसवा. मला निरोपाची गरज नाही. मी फोटोवाला आहे. फोटोवाला नुसता डोळा असतो.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.४०

लिहितो. डावा हात खांद्यातून उचलत नाही.

राउंड एक. चिमणीने पहिल्या मिनिटातच लांब हातांच्या मुलीच्या बरगडीत दोन ठोसे असे दिले की दुसऱ्या रांगेत आवाज आला. मी चंदू उचलला. टपकन फ्लॅश. मी बंद केला होता. त्याने परत चालू केला. पंचाने लढत थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं, सगळा हॉल वळला. एक दांडगा स्वयंसेवक येऊन म्हणाला, परत चमकला तर कॅमेऱ्यासकट बाहेर फेकीन. बटणं दाबून चंदूचा आवाज-उजेड सगळं बंद केलं आणि त्याला मांडीवर ठेवला.

राउंड दोन. लांब हातांच्या मुलीचं नाक फुटलं. चिमणीच्या पांढऱ्या ग्लोव्हवर तिच्या रक्ताचा ठसा उमटला. कोपऱ्यातून कोचबाई ओरडत होत्या, खाली, खाली, शाबास, खाली. शेजारी सून डोळे मिटून बसली होती आणि पक्कड आवळल्यासारखी माझं मनगट आवळत होती. त्यामुळे त्या राउंडचे काळ्याने काढलेले फोटो हलले.

राउंड तीन. काळ्या हातात. दोन मिनिटं पंचाची पाठ. पंचाचा पार्श्वभाग. पुन्हा पंचाची पाठ. इतका रुंद माणूस पंच कसा होतो? शेवटचे चाळीस सेकंद. चिमणी सरळ आघाडीवर. आणि माझ्याकडे तिच्या चेहऱ्याचा एकही फोटो नाही. हनुवटी छातीत रुतलेली. नुसतं कपाळ आणि हेडगार्ड.

पुढचं नीट कळलं नाही. पंच बाजूला झाला. चिमणीचा चेहरा अचानक पूर्ण माझ्याकडे आला. मी बटण दाबलं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

ती उभीच्या उभी पडली, हात खाली, कपडे दोरीवरून गळावेत तशी. पंच मोजत होता. सात, आठ. तिने एक गुडघा उचलला. नऊ. तिचं दातांचं रबर माझ्या बुटापाशी येऊन पडलं होतं. दहा.

मी छत्री घेऊन पंचावर गेलो. दोरांत पाय अडकला आणि उलटा लोंबलो. तरी दोन फटके बसले त्याला, एक नक्की. स्वयंसेवकाने मला आणि कॅमेऱ्यांना वचनाप्रमाणे बाहेर टाकलं.

मी तोंडातून शब्द काढला नाही. हे इथे लिहून ठेवतो.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ९

चिमणीचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तारेने बांधणार. सहा आठवडे पातळ पदार्थ, नळीने. लांब हातांची मुलगी संघात गेली.

कारणं अशी. एक: पंच. दोन: पिवळा उजेड. तीन: हेडगार्ड ढिला, हे कोचबाईंचं काम. चार: चंदूचा फ्लॅश, जरी तो पहिल्या राउंडला चमकला आणि ठोसा तिसऱ्यात बसला, तरी परिणाम उशिरा होतो. डोळ्यांचं असं असतं.

सून माझ्याशी बोलत नाही. १ तारखेचं मात्र भिंतीकडे तोंड करून बोलली.

त्याच दिवशी, दुपारी २

काळ्यातला फोटो बघितला. दार लावून.

देवा. एकोणतीस वर्षांत असा फोटो झाला नाही. काहीच हललेलं नाही. घामाचे थेंब हवेत लटकलेले, एकेक मोजावा. ग्लोव्ह जबड्यात निम्मा रुतलेला, गाल लाटेसारखा वळलेला, ओठांतून रबर निम्मं बाहेर. आणि या सगळ्यात चिमणीचे डोळे थेट भिंगात. शांत. मान सरळ, हनुवटी वर, अगदी पाहिजे तितकी.

ती कॅमेऱ्याकडे का बघते आहे, ते कळत नाही.

काळ्या, खेळाचं काम: दहापैकी दहा. विसाव्या चौकटीचं माप घेतलं. मग चौकट कपाटामागे ठेवली. तूर्तास.

१९ मार्च, बुधवार. सकाळी १०.१५

शोध! चंदूच्या कार्डात व्हिडिओ आहे. अकरा मिनिटांचा. फ्लॅश बंद करताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि मांडीवर बसून तो दुसरा-तिसरा राउंड घेत राहिला. मी उघडलेला नाही. सगळ्यांसमोर उघडणार. पंचाने चिमणीला कसं अडवलं, धक्का कसा दिला, सगळं त्यात असणार. तक्रार अर्ज करू, लढत पुन्हा घ्यायला लावू, संघातली जागा खेचून आणू. कोचबाईंना दुपारी बोलावलं आहे. चिमणी आज हॉस्पिटलमधून येते.

हा चंदू. मी त्याला कमी लेखलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

सगळे बसले. कोचबाई, सून, चिमणी. चिमणीचा चेहरा एका बाजूला निळा आणि भोपळ्याएवढा. तोंड बांधलेलं, म्हणून पाटीवर लिहिते. आल्या आल्या लिहिलं, आबा, खांदा कसा आहे. मी म्हटलं, माझं सोड, आता बघ गंमत. चंदूला टीव्हीला जोडला.

चित्र नाही. अकरा मिनिटं माझ्या पॅंटचं कापड. आवाज मात्र स्वच्छ. चंदू आवाजाला चांगला आहे, हे माझ्या परीक्षेत राहून गेलं होतं.

ठोशांचे आवाज. कोचबाईंचं खाली, खाली. सुनेचं पुटपुटणं. मधूनमधून एक म्हातारा पंचाला आईवरून शिव्या देतो. मी म्हटलं, मागच्या रांगेतला असावा. घंटा, पुन्हा घंटा, पुन्हा ठोसे. मग तोच म्हातारा, अगदी जवळून, मोठ्याने, प्रेमाने:

चिमणे, इकडे बघ. हनुवटी वर. अजून थोडी.

मग ती फांदी मोडली.

मग तोच म्हातारा: मिळाला!

कोचबाईंनी टीव्हीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या एकोणीस फोटोंकडे, एकेकाकडे, पहिल्यापासून. त्यांचा हात मुठीत वळला होता. मला वाटलं, आता बसतेय. बसली असती तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि जोडे न घालताच जिना उतरल्या. जोडे अजून दारात आहेत.

सून म्हणाली, बाबा, तुमच्या सातही दातांना मी हात लावणार नाही, पण आत्ता माझ्यासमोरून जा.

चिमणीने पाटीवर लिहिलं: परत लावा. परत लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग लिहिलं: मला आवाज आठवत नाही. फक्त एकदम वाटलं की वाढदिवस आहे.

चंदूचा माइक स्वस्त आहे. आवाज कुणाचाही कुणासारखा येतो.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १२

वरची शेवटची ओळ खोडायची होती. हात थरथरत होता, ओळ सोडून शेजारचंच खोडलं गेलं. राहू दे.

दुकानात गेलो. दोन्ही परत केले. दुकानदाराने विचारलं, काका, कुठला ठेवताय? मी म्हटलं, कुठलाच नाही. त्याने कार्डं तपासायला काळ्या चालू केला आणि तो फोटो बघितला. बराच वेळ बघत राहिला. जबड्याला हात लावला. मग कार्ड काढून माझ्या खिशात ठेवलं.

नव्या काचेच्या काउंटरला मी हात लावला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७

चिमणी १ तारखेपासून दवाखान्यात बसते. तारांनी तोंड बांधलेली रिसेप्शनिस्ट बघून दोन पेशंट दारातूनच पळाले, असं सून म्हणाली. हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे बोलणं सुरू झालं. दुसरं असं की चिमणी तिथे दिवसभर हनुवटीखाली टेनिसचा बॉल धरून बसते. पेशंटना वाटतं, उपचाराचाच भाग आहे. कोचबाई जोडे न्यायला म्हणून दवाखान्यातच गेल्या होत्या. तारा निघाल्यावर बघू, एवढंच म्हणाल्या, आणि बॉल नवा दिला.

आज दवाखान्याच्या ओळखपत्रासाठी तिचा फोटो हवा होता. सुनेने तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हणाली, बाबा, तुम्हीच काढा, ती दुसऱ्या कुणासमोर बसत नाहीये.

पांढऱ्या चादरीसमोर स्टुलावर बसवलं. सूज उतरली आहे, पिवळट डाग आहे. बॉल काढून तिने मांडीवर ठेवला. मोबाईलमध्ये तिचं तोंड दिसलं आणि माझ्या तोंडात ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले. दात आवळून धरले. सातही.

चिमणी वाट बघत होती. तारांतून, दातांतल्या दातांत म्हणाली, आबा, हनुवटी?

मी म्हटलं, खाली.

मग बटण दाबलं. फोटो हललेला आला. मोबाईल थरथरत नव्हता.